चौथ्या खिडकीचं कुलूप

रुग्णालयात त्यांना सगळे कुलूपकाका म्हणत. प्रत्यक्षात त्यांच्या खिशात एकही किल्ली नसे. घराचीसुद्धा नसे, कारण ती दोनदा हरवल्यावर बायकोने ती स्वतःच्या पर्समध्ये ठेवायला सुरुवात केली होती. काका जी कुलपं लावत ती डोळ्यांना दिसणारी नव्हतीच.

तळमजल्यावर, दारातून आत आल्या आल्या दिसणाऱ्या लांबलचक काउंटरवर केसपेपरच्या नऊ खिडक्या होत्या. प्रत्येक खिडकीत एक पडदा, एक कीबोर्ड, एक माऊस आणि पडद्याच्या पाठीला चिकटवलेली, जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढी काळी पेटी. कागदोपत्री तिला थिन क्लायंट म्हणत. खिडकीवरचे लोक तिला नुसती ‘डबी’ म्हणत. डबीच्या पोटात जवळजवळ काहीच नसे. पेशंटचं नाव, वय, जुनी दुखणी, सगळं दुसऱ्या मजल्यावरच्या थंडगार खोलीतल्या सर्व्हरवर. डबी फक्त तिथलं चित्र इथे दाखवायची आणि इथल्या बोटांचं म्हणणं तिथे पोचवायची. आता त्या चित्रातलं कोणाला काय दिसावं, काय उघडावं आणि काय मुळीच उघडू नये, हे ठरवणं आणि ठरवलं तसं पक्कं बसवणं हे काकांचं काम. पेनड्राइव्ह लावायची जागा बंद. इंटरनेट बंद. पडद्यावरचं शोभेचं चित्र बदलणं बंद. सेटिंगचं पान बंद. माऊसचं उजवं बटणही बंद, कारण ते दाबलं की एक लहानशी यादी उलगडते आणि त्या यादीतून हिंडत हिंडत माणूस नको तिथे पोचतो. संध्याकाळी खिडकीवरचा माणूस बाहेर पडला की डबी दिवसभरातलं सगळं विसरायची आणि सकाळी पुन्हा कोऱ्या पाटीसारखी हजर व्हायची.

हे सगळं हौसेने केलेलं नव्हतं. पूर्वी खिडक्यांवर साधे संगणक होते तेव्हा कोणीतरी पुतण्याच्या लग्नाचे फोटो दाखवायला पेनड्राइव्ह घेऊन आला, आणि फोटोंबरोबर असं काही आत शिरलं की दोन दिवस रुग्णालयाचा कारभार चिठ्ठ्याचपाट्यांवर चालला. त्या दोन दिवसांत तापाने फणफणलेली मुलं मांडीवर घेऊन बसलेल्या आया काकांनी बघितल्या होत्या. तेव्हा ते स्वतः सहा नंबरच्या खिडकीवर कारकून होते. अकरा वर्षं त्यांनी ती खिडकी सांभाळली होती. संगणक अडला की बाहेरून माणूस येईपर्यंत दुपार व्हायची, म्हणून ते स्वतःच खाटखूट करून बघायचे. बघता बघता त्यातलं इतकं समजायला लागलं की आठ वर्षांपूर्वी साहेबांनी त्यांना वर, सर्व्हरच्या खोलीशेजारी, टेबल दिलं.

खिडकीवरून वर गेलेला माणूस, त्यामुळे खिडकीवरच्यांचं अडणं त्यांना ठाऊक होतं. आपल्या कुलपांनी कोणाचं काम अडायला नको, याचा त्यांना ध्यास होता आणि त्यासाठी त्यांनी स्वतःची एक पद्धत पाडून घेतली होती. ज्या खिडकीला कुलूप लावायचं त्या खिडकीच्या खुर्चीत आधी एक अख्खा दिवस बसायचं. तिथल्या माणसाला बाजूला स्टुलावर बसवायचं, आणि येईल त्या पेशंटचा केसपेपर स्वतः काढायचा. जवळ एक लांबट वही. हात कुठे कुठे जातो ते डाव्या बाजूला लिहायचं, कुठे जायची गरज पडली नाही ते उजव्या बाजूला. संध्याकाळी उजवी बाजू बंद करून टाकायची. नव्या यंत्राचं पुस्तक सांगायचं की सगळं दहा मिनिटांत होतं. काका म्हणायचे, होत असेल, पण पुस्तकाला रांग नसते.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली होती. बंद ठिकाणी कोणी हात लावला की यंत्र आपलं रागीट लाल अक्षरात खेकसायचं. काकांनी ते काढून साध्या काळ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘हे इथून होत नाही. काही अडलं तर ११४ ला फोन करा.’ एकशे चौदा हा त्यांच्या टेबलावरचा फोन. तो वाजायचा, पण आठ वर्षांत ‘तुमच्या कुलपामुळे माझं काम अडलं’ असं सांगायला कधी वाजला नव्हता. काका स्वभावाने बढाईखोर नव्हते, पण ही एक गोष्ट ते घरी वर्षातून एकदोनदा तरी सांगत, आणि बायको प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं करत असे.

त्यांचा एक नियम मात्र थोडा हट्टाचा होता. अधिकार खिडकीला द्यायचे, माणसाला नाही. नऊ खिडक्या नऊ जुळ्या बहिणींसारख्या. आज इथे बसणारा उद्या तिथे बसला तरी त्याचं काही हलायला नको. माणसाने आपलं नाव टाकून आत शिरायचं ते फक्त मोजणीपुरतं, म्हणजे कोणी तासाला किती केसपेपर काढले ते कळायला. माऊससुद्धा नऊही ठिकाणी उजवीकडे, आखूड वायरचा, प्लास्टिकच्या पट्टीने टेबलाच्या कडेला बांधलेला. एकसारखेपणाचं त्यांना फार समाधान वाटे. सकाळी काउंटर उघडायच्या आधी ते एकदा लांबून त्या नऊ खिडक्यांकडे बघून घेत, एखादी गृहिणी घासून लावलेल्या भांड्यांच्या फळीकडे बघते तसे.

चार महिन्यांपूर्वी चौथ्या खिडकीवर एक नवी मुलगी आली. बारीक चणीची, चष्मेवाली, बोलायला अगदी हळू. काउंटरवर एकमेकांना खिडकीच्या नंबरानेच हाक मारायची रीत होती, म्हणून तीही आठवड्याभरात ‘चार नंबर’ झाली. अपवाद फक्त पहिल्या खिडकीवरच्या जुन्या कारकुनाचा. त्याचा आवाज असा होता की पेशंटचा नंबर पुकारायला त्याला माइक लागत नसे. त्याला सगळे भोंगा म्हणत, आणि तोही त्याला ओ देई.

चार नंबर सहा महिन्यांच्या बोलीवर होती. सहा महिने काम बघायचं, चांगलं वाटलं तर कायम करायचं, नाहीतर रामराम. ते ठरवणार होत्या नोंदणी विभागाच्या मोठ्या बाई. बाई कडक होत्या, पण कोणाविषयी मनात अढी धरणाऱ्या नव्हत्या. आकडे बघायच्या आणि आकड्यांवर जायच्या. एका सोमवारी त्यांनी काकांना बोलावून चार नंबरच्या चार महिन्यांच्या मोजणीचा कागद मागितला. रांग तिच्यापाशी तुंबते, बाई म्हणाल्या. सहा महिने थांबण्यात अर्थ नाही, शुक्रवारी शेरा लिहून मोकळी होते.

काकांनी कागद काढला. बाकीचे तासाला तीस-पस्तीस. भोंगा, गप्पा मारूनही, बत्तीस. चार नंबर एकोणीस. कागदावर सही करायची तेवढी बाकी होती. पण खाली चुकांचा रकाना होता, आणि तिच्या नावापुढे चार महिन्यांत एकही चूक नव्हती. काकांचं पेन तिथे थांबलं. खिडकीवर काढलेल्या अकरा वर्षांत त्यांनी हळू माणसं पुष्कळ बघितली होती, पण ती गोंधळून हळू होत आणि गोंधळली की चुकत. ही चुकत नव्हती, नुसती हळू होती. म्हणजे हिचं काहीतरी अडतंय, असं त्यांना वाटलं. मंगळवारी सकाळी ते वही घेऊन चौथ्या खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

मुलगी चटकन उठली आणि स्टुलावर बसली. काका खुर्चीत बसले. टेबलावरचं सामान त्यांना जरा विचित्र मांडलेलं वाटलं. शिक्का, शाईची डबी, पेन, पाण्याची बाटली, सगळं डाव्या हाताशी. काकांनी शिक्का उचलून उजवीकडे ठेवला आणि काम सुरू केलं. दिवसभर त्यांनी सदतिसाच्या चालीने केसपेपर काढले. डबी लोण्यासारखी चालत होती. कुठे काही अडलं नाही, कुठे काही रेंगाळलं नाही. संध्याकाळी त्यांनी शिक्का उचलून होता तिथे परत ठेवला, आणि मुलीकडे न बघताच वही मिटली. तिच्या लक्षात आलं असावं. ती म्हणाली, “काका, मशीन चांगलंच आहे. मीच कमी पडते.” काकांना ते ऐकून वाईट वाटलं, पण खोटं काय सांगणार. ते म्हणाले, प्रयत्न कर, येतो हात. म्हणाले खरं, पण शुक्रवारला तीन दिवस राहिले होते.

घरी आले तेव्हा पुढच्या खोलीत बायकोचा शिवणाचा वर्ग चालू होता. पाच-सहा बायका जमिनीवर कापड पसरून बसल्या होत्या. काका नेहमीप्रमाणे भिंतीकडेने, कोणाच्या कापडावर पाय पडू नये अशा बेताने आत गेले आणि मधल्या दारात चहाचा कप घेऊन उभे राहिले. हा त्यांचा आवडता वेळ. कात्र्यांचा तो करकर आवाज त्यांना शांत करायचा.

एका नव्या बाईचं कापड धड कापलं जात नव्हतं. कडा चावल्यासारख्या निघत होत्या आणि ती ओशाळून कात्रीला धार नाही म्हणत होती. बायकोने कात्री घेतली, वीतभर कापड सरळ कापून दाखवलं आणि कात्री परत दिली. पुन्हा तेच, कडा चावलेल्या. बायकोने या वेळी कात्रीकडे बघितलंच नाही. तिने त्या बाईच्या हाताकडे बघितलं, उठली, कपाटातून दुसरी कात्री काढून तिला दिली. करकर करत कापड सरळ कापलं गेलं. वर्ग हसला, ती बाईही हसली.

वर्ग सुटल्यावर काकांनी विचारलं, त्या दुसऱ्या कात्रीत काय होतं. बायको खडूचे तुकडे गोळा करत होती. तिने सांगितलं की ती बाई डावखुरी आहे, आणि कात्रीलाही हात असतो. उजव्याची कात्री डाव्याने धरली की पाती एकमेकांपासून फाकतात.

“पण तू आधी ती चालवून बघितलीस की,” काका म्हणाले. “तुझ्याकडून नीट कापलं गेलं.”

“जाणारच ना, अहो. हात माझा होता.”

काकांनी कप खाली ठेवला. बायकोने वर बघितलं तेव्हा ते दोन्ही हात पुढे धरून त्यांच्याकडे बघत उभे होते, कोणी नुकतेच आणून दिल्यासारखे. तिने विचारलं, चहात काही पडलं का. ते म्हणाले, नाही, शिक्का डावीकडे होता. बायकोला यातलं अक्षर कळलं नाही, पण तीस वर्षांच्या संसारात तिला इतकं कळत होतं की अशा वेळी यांना दुसरा चहा द्यावा आणि काही विचारू नये.

बुधवारी काउंटर उघडताच काका पुन्हा चौथ्या खिडकीपाशी गेले. मुलगी उठायला लागली तशी त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि स्वतः मागे उभे राहिले. आठ वर्षांत त्यांनी हे कधी केलं नव्हतं. पाठीमागे माणूस उभा राहिला की काम करणाऱ्याला कसं वाटतं हे ठाऊक असल्यामुळेच केलं नव्हतं. मुलीचे कान लाल झाले. पण रांग समोर होती, तिने काम सुरू केलं.

टायपिंग उत्तम. बोटं न बघता चालत होती. मग माऊसकडे हात गेला, उजवा हात, आणि काकांच्या लक्षात आलं की ती माऊस कसा धरते. काठोकाठ भरलेला पेला न सांडता न्यावा तसा. बाण हव्या त्या चौकटीच्या अलीकडे पलीकडे जायचा, मग ती श्वास रोखून तो जागेवर आणायची, मग दाबायची. पुन्हा कीबोर्ड. पुन्हा माऊस, पुन्हा तो पेला. एका केसपेपरला असं सात वेळा. मग पेन डाव्या हातात, सही झरझर. शिक्का डाव्या हातात, टप्प. डाव्या बोटांना शाई. काकांनी सात केसपेपर बघितले. आठव्याला त्यांना बघवेना. खिडकीवर ‘पाच मिनिटांत येतो’ची पाटी लावून त्यांनी तिला मागच्या खोलीत नेलं.

मुलीला वाटलं, झालं, आता सांगणार. ती हात बांधून उभी राहिली.

“आधीच्या नोकरीत माऊस कुठल्या हाताने धरायचीस?” काकांनी विचारलं.

“डाव्या.” जरा थांबून ती म्हणाली, “तिथे बटणं उलटी करून घेता यायची.”

इथे डावीकडे घेऊन बघितला होता का, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिने हळूहळू सगळं सांगितलं. पहिल्याच दिवशी बघितला होता. वायर पोचत नव्हती, तरी कीबोर्ड वाकडा करून ती कशीबशी पोचवली. पण डाव्या हातात माऊस धरला की पहिलं बोट जिथे पडतं ते बटण मेलेलं होतं. भोंग्याला विचारलं तर तो म्हणाला, इथे तसूभर काही बदलता येत नाही, कुलूपकाकांचा कारभार आहे. मग तिने माऊस पुन्हा उजवीकडे ठेवला. लहानपणी शाळेत बाईंनी पाटीवरचा हात बदलायला लावला होता. तो काही बदलला नव्हता, पण हे त्यातलंच काहीतरी आहे असं समजून ती सवय करत राहिली. घरी जेवणाच्या टेबलावर काडेपेटी घेऊन उजव्या हाताने ती सरकवायचा सराव करते, असंही तिने सांगितलं, आणि मग सांगितल्याबद्दल तिलाच लाज वाटली.

काकांना फक्त एकच गोष्ट विचारायची होती. “एकशे चौदाला फोन का नाही केलास?”

“तसं पडद्यावर आलंच नाही कधी. बटण दाबलं की काहीच व्हायचं नाही. मला वाटलं, ते तसंच असेल.”

काका तिथल्या बाकावर बसले. जिथे जिथे त्यांनी दार लावलं होतं तिथे तिथे पाटी टांगली होती. पण उजवं बटण दार नव्हतंच त्यांच्या लेखी. त्यांचं पहिलं बोट आयुष्यात कधी त्या बटणावर पडलं नव्हतं, म्हणून ते बंद केलं तेव्हा तिथे पाटी लावायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आठ वर्षं ते दुसऱ्यांच्या खुर्चीत बसत होते, आणि प्रत्येक खुर्चीत आपलेच हात घेऊन बसत होते.

“यात तू कमी पडलेली नाहीस,” ते मुलीला म्हणाले. “जा, खिडकी उघड. शुक्रवारचं मी बघतो.”

मोठ्या बाईंच्या टेबलावर त्यांनी मोजणीचा कागद ठेवला आणि सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग चष्मा काढून विचारलं की म्हणजे हे आकडे खोटे आहेत असं तुमचं म्हणणं आहे का.

“आकडे खरे आहेत,” काका म्हणाले. “पण ते तिचे नाहीत, माझे आहेत.”

बाईंनी कागद पुन्हा एकदा वाचला. त्या म्हणाल्या, ठीक आहे, बदल करून घ्या, पण बदलांच्या रजिस्टरात लिहिताना ‘सुधारणा’ म्हणून लिहा. ते रजिस्टर दर वर्षी तपासायला वर जातं. आठ वर्षांचं स्वच्छ रजिस्टर आहे तुमचं, उगाच डाग कशाला. बाईंनी हे आपुलकीनेच सुचवलं होतं. काका म्हणाले, विचार करतो. वर जाऊन त्यांनी रजिस्टर उघडलं, पेनाचं टोपण दोनदा लावलं, दोनदा काढलं, आणि लिहिलं: ‘डावखुऱ्या कर्मचाऱ्याची गरज ओळखली नाही. माऊसचं बटण सूचना न लावता बंद केलं. चूक माझी. दुरुस्ती चालू.’ तारीख, सही. लिहून झाल्यावर त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा हलकं वाटलं. बाईंनी दुसऱ्या दिवशी ते वाचलं आणि शुक्रवारचा शेरा तीन आठवडे पुढे ढकलला. जाता जाता एवढंच म्हणाल्या की त्यानंतर मात्र मी आकडेच बघणार.

दुरुस्ती वाटली तितकी सोपी निघाली नाही. काकांनी आधी सवयीप्रमाणे चौथ्या खिडकीचीच बटणं उलटी केली. मुलगी दुपारी जेवायला गेली आणि त्या दिवशी नेमका भोंगा चौथ्या खिडकीत बदलीवर बसला. पाच मिनिटांत त्याचा आवाज पार औषधांच्या दुकानापर्यंत पोचला. माऊस मेला, माऊस मेला. काका खाली आले, आणि घाई न करता वायरींची पाहणी करत बसले. पेशंट दुसऱ्या रांगेत वळवले होते, कोणाचं अडत नव्हतं. भोंगा चिडचिडला की दहा मिनिटं झाली, एक चौकट उघडत नाही, माणसाने काम करायचं कसं.

“दहाच मिनिटं झाली,” काका म्हणाले. “तिची चार महिने झाली. तुला विचारलंही होतं तिने.”

भोंग्याने माऊसकडे बघितलं, मग रिकाम्या स्टुलाकडे. त्याच्या तोंडून पुढचा अर्धा तास काही ऐकू आलं नाही, आणि सात नंबरने नंतर शपथेवर सांगितलं की असं या काउंटरवर आधी कधी घडलेलं नव्हतं.

पण भोंग्याच्या त्या दहा मिनिटांनी काकांचा हट्टाचा नियमही मोडला. खिडकीला हात नसतो, हात माणसाला असतो. तेव्हा ही एक गोष्ट तरी माणसाच्या नावाला बांधावी लागणार. दोन दिवस ते त्याच्या मागे होते. सेटिंगचं सगळं पान उघडून चालणार नव्हतं. त्यातली बटणांपुरतीच एक फट उघडायची, तीही नावानिशी. मुलगी आपलं नाव टाकून कुठल्याही खिडकीत शिरली की तिथला माऊस तिच्या हाताचा व्हावा, आणि ती बाहेर पडली की पुन्हा पहिल्यासारखा. शनिवारी काउंटर बंद झाल्यावर तिने एकामागून एक नऊ खिडक्यांत बसून बघितलं. नऊही ठिकाणी डबीने तिला ओळखलं. मग काकांनी स्वतः कात्री घेऊन नऊ टेबलांच्या कडेच्या पट्ट्या कापल्या आणि लांब वायरीचे माऊस लावले. एकसारख्या बांधलेल्या त्या नऊ वायरी त्यांनी किती कौतुकाने बांधल्या होत्या, हे फक्त त्यांनाच माहीत होतं. आणि मेलेल्या बटणाला त्यांनी जीभ दिली. ते दाबलं की आता तिथेही काळ्या अक्षरात पाटी यायची, एकशे चौदाची.

पहिल्या आठवड्यात आकडा बावीस झाला. काका निराश झाले, मुलगी नाही. ती म्हणाली, चार महिने उजव्याला शिकवलं ते आता विसरायला हवं ना. दुसऱ्या आठवड्यात अठ्ठावीस. भोंगा रोज दुपारी काही निमित्त काढून चौथ्या खिडकीमागून जायचा आणि तिथला आकडा आपल्या जागेवरून सगळ्या काउंटरला ऐकवायचा, जणू काही तो त्याचाच होता. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी चौतीस. चुकांचा रकाना अजून रिकामा.

मोठ्या बाईंनी शेरा कसा लिहिला ते कोणाला कळलं नाही. त्यांनी गाजावाजा केला नाही. सोमवारी सकाळी मुलगी मागच्या खोलीत गेली तेव्हा कर्मचाऱ्यांच्या कपाटातल्या एका खणावर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती. कायम माणसालाच खण मिळत असे. तिने खण उघडला, आपली पाण्याची बाटली आत ठेवली, बंद केला, पुन्हा उघडून बाटली आहे का बघितलं. मग येऊन खिडकीत बसली.

काकांची पद्धत आता दोन दिवसांची झाली आहे. एक दिवस बसायचं, एक दिवस उभं राहायचं. उभं राहण्याच्या दिवशी त्यांना कळलं की सात नंबर पडद्याकडे नाक लावून काम करतो, कारण अक्षरं मोठी करायची सोय बंद आहे आणि नवा चष्मा लागलाय हे त्याला कबूल करायचं नाही. त्याच्याही नावाला एक फट मिळाली. वहीत आता दोनाऐवजी तीन बाजू आहेत. तिसरीवर हात कोणाचा ते लिहिलेलं असतं. बसण्याच्या दिवशी ते अर्धा तास मुद्दाम डाव्या हाताने काम करतात. त्या अर्ध्या तासात ते तासाला अकराच्या चालीवर येतात आणि रांगेतल्या माणसांची बोलणी खातात. बोलणी खाऊन घरी आले की बायकोला सांगतात. आठ वर्षांत कोणाचं काम अडलं नाही ही गोष्ट सांगायचं त्यांनी सोडलं आहे. कात्रीची गोष्ट मात्र ते सांगतात, आणि ती बायकोची असल्यामुळे बायकोला ती ऐकायला खरोखरच आवडते.

परवा ते असेच वही घेऊन चौथ्या खिडकीत आले. मुलगी हसतच उठली. काका बसले, बाही सारखी केली, समोरच्या आजोबांकडून कागद घेतला आणि माऊस धरून बटण दाबलं. चौकट उघडली नाही. पडद्यावर काळ्या अक्षरांची पाटी आली. खिडकीत नाव तिचंच चालू होतं; ती मुद्दामच बाहेर पडली नव्हती, त्यामुळे माऊस अजून तिच्या डाव्या हाताचाच होता. काका तिच्याकडे बघायला लागले.

“हे इथून होत नाही, काका,” ती अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली. “काही अडलं तर एकशे चौदाला फोन करा.”

पहिल्या खिडकीवरून भोंग्याचं हसू आलं, आणि मग रांगेपर्यंत पसरलं, कशाला हसायचं ते कळलं नव्हतं त्यांच्यातसुद्धा. काका हसता हसता उठले. त्यांनी खुर्ची तिला मोकळी करून दिली, स्वतः स्टुलावर बसले आणि वही गुडघ्यावर उघडली. मुलीने डाव्या हाताने माऊस ओढून घेतला, आजोबांना नाव विचारलं, आणि रांग पुढे सरकली.